आईंनी घरी टाकलेलं मत

मंगळवारी सकाळी सर गेले. ते आंघोळ करून आले, खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आले तेव्हा ते गेले होते. समोरच्या पलंगावर आई बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं.

सर म्हणजे माझे मिस्टर. महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षक होते, निवृत्त होऊन दोनेक वर्षं झाली होती, पण अख्खी वस्ती त्यांना सरच म्हणायची आणि ऐकून ऐकून मीही सरच म्हणायला लागले. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याऐंशी. त्या मात्र साठीच्या माणसाला शेवटपर्यंत बाळूच म्हणायच्या, ए बाळू, जेवला का गा. घरात आम्ही तिघंच, मुलगी नोकरीला पुण्यात असते, तिचं मतही तिकडंच.

माझं म्हणाल तर मी कामठीची. वडील पॉवरलूमवर कामाला होते आणि लूमच्या आवाजानं त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून आमच्या घरी सगळेच मोठ्यानं बोलायचे, मी एकटीच हळू बोलणारी. मला वाचायचा नाद. बारावी झाले, मग पत्राद्वारे बी.ए. केलं, आणि लग्नानंतर इथं नागपुरात नंदनवनच्या एका सार्वजनिक वाचनालयात लागले ती निवृत्त होईपर्यंत तिथंच. पुस्तकं द्यायची, परत घ्यायची, फाटलेल्यांना खळ लावून चिकटवायचं. काय सांगू तुम्हाला, त्याच्यापलीकडे माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं नाही. तुम्ही आलात म्हणून सांगते, आणि सांगायचं तर आईंच्या मताचंच सांगावं लागेल.

आमच्या घरात मताला फार मान. त्याचं कारण आई. बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या, नुकतं लग्न झालेलं, शेजारणीची पांढरी साडी मागून नेसल्या आणि बायकांच्या घोळक्यात चालत गेल्या. पुढच्याच साली एकवीसच्या झाल्या आणि पहिलं मत टाकलं. त्या वेळी म्हणे प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, पडद्याच्या मागं जाऊन हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. सासऱ्यांनी घरून निघताना बजावलं होतं की अमक्या पेटीत टाक. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, टाकला का मी सांगितला तिथं? आई म्हणाल्या, आतमधी अंधार होता. झालं, तेवढंच. त्यानंतर सासऱ्यांनी कधी विचारलं नाही आणि सरांनी तर नाहीच. इतक्या वर्षांत आईंचं मत कोणाला गेलं ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही.

आणि त्यांचे नियम होते. मत टाकायला जायचं तर पांढरं लुगडं नेसून जायचं, आणि मत टाकून येईपर्यंत तोंडात चहाचा घोट घालायचा नाही. दीक्षेला गेल्या तेव्हा तशाच गेल्या होत्या म्हणून असेल, मी कधी विचारलं नाही. पण लग्न होऊन मी आले तेव्हापासून निवडणुकीच्या दिवशी आमची चूल मताच्या नंतर पेटायची. सर सकाळी सहालाच आंघोळ करून तयार, कारण त्यांना चहाशिवाय राहवायचं नाही. मग आईंना हाताला धरून शाळेतल्या केंद्रावर न्यायचे. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण हसायचा, सर, झाला का चहा?

सरांकडे शिक्षक असल्यापासून मतदार यादीचं काम होतं. आमचं लग्न झालं आणि आठवड्याभरात त्यांनी माझ्यासमोर काय ठेवलं असेल, तर नाव नोंदवायचा फॉर्म. कामठीचं नाव कमी कर, इथं लाव, दोन ठिकाणी राहिलं तर गुन्हा होतो. आई ओट्यावरून म्हणाल्या, लोकं बायकोले लुगडं आणतेत, यानं कागद आणला, धन्य हाय रे बाबा. सरांचं सगळं वस्तीला पाठ झालं होतं. अठरा पूर्ण झाले की सहा नंबरचा फॉर्म, जन्माचा दाखला आणि राहण्याचा पुरावा जोडायचा. घर बदललं किंवा नावात चूक असली तर आठ नंबर. आता मोबाईलवरही भरता येतो, पण पोरं मोबाईल घेऊन सरांकडेच यायची. निवृत्त झाले तरी यायची. सर म्हणायचे, कार्ड आहे म्हणून निश्चिंत राहू नको, यादीत नाव आहे का ते आधी पाहा, मत यादीतल्या नावाला असतं, कार्डाला नाही.

माणूस गेला तर नाव कमी करायला सात नंबरचा फॉर्म लागतो. तो घेऊन सर कधी लगेच जायचे नाहीत. महिना जाऊ द्यायचे. मग जायचे, बसायचे, चहा घ्यायचे, गेलेल्या माणसाच्या गोष्टी ऐकायचे, आणि पुष्कळदा तो फॉर्म न काढताच परत यायचे. मी म्हणायची, अहो, काम राहिलं की. म्हणायचे, आज त्या बाई बोलत होत्या, बोलू दिलं. मग दुसऱ्यांदा जायचे.

तर विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. पंच्याऐंशीच्या वरच्या माणसांना घरून मत देता येतं, ते तुम्हाला माहीत असेल. त्याचा वेगळा फॉर्म असतो आणि निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. सरांच्या जागी आमच्या भागाचं काम आता ज्योत्स्नाकडे आहे, ती अंगणवाडी सेविका, सरांचीच विद्यार्थिनी. ती फॉर्म घेऊन आली. मला वाटलं आई तिला हाकलून देतील. पण सरांनी भरला, आईंनी निमूट अंगठा दिला. मला जरा नवलच वाटलं. पण दिवाळी तोंडावर होती, कामं होती, मी विसरले. दिवाळी झाली आणि त्या मंगळवारी सर गेले.

आई रडल्या नाहीत. बोलल्याही नाहीत. लोक यायचे, त्यांच्या पाया पडायचे, त्या भिंतीकडे पाहत राहायच्या. वरणभाताचे दोन घास खायच्या, तेही मी भरवले तर. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भन्तेजी आले, सगळी वस्ती आली, मुलगी दोन दिवस राहून त्याच रात्री परत गेली, आणि दुसऱ्याच दिवशी, सोमवारी दुपारी दारात गाडी थांबली. घरून मत घेणारे लोक. दोन अधिकारी, एक कॅमेरावाला, एक पोलीस आणि ज्योत्स्ना. तारखेचा मेसेज आधीच आला होता म्हणे, फॉर्मवरच्या नंबरावर, म्हणजे सरांच्या फोनवर. तो फोन मी बंद करून कपाटात ठेवला होता.

त्यातले मोठे अधिकारी चष्मेवाले, स्वभावानं चांगले. फोटोला हार पाहिला तसे चपला काढून आत आले, हात जोडले. आजी, मत द्यायचं ना? आई पलंगावर होत्या. त्यांनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. ज्योत्स्ना खाली बसून म्हणाली, आजी, मी ज्योत्स्ना, ओळखलं ना? शेजारच्या पंचफुलाबाई दारातूनच बोलल्या, अवं माय, तिचा पोरगा गेला अन् तुमी मत कायचं मागून राहिले? अधिकारी म्हणाले, बाई, आम्ही जबरदस्ती करत नाही. मग मला बाहेर बोलावून सांगितलं, गुरुवारी आम्ही परत येऊ, दोनदाच येता येतं. त्या दिवशीही झालं नाही तर मग नाही. शाळेत केंद्रावर नेऊन चालणार नाही, घरून मत म्हणून यादीत त्यांच्या नावापुढं खूण झालेली आहे.

आता तुम्ही म्हणाल, घरात माणूस गेलेला आणि एका मताचं काय मोठं. मलाही लोकांनी तेच म्हटलं. पण मी त्यांच्यासोबत तीस वर्षांच्या वर राहिले. ही बाई तापानं फणफणत असताना मताला गेलेली मी पाहिली आहे, सासरे दवाखान्यात होते तेव्हा मत टाकून मग डबा घेऊन गेलेली पाहिली आहे. आणि आता तिनं भिंतीकडे तोंड केलं. मला भीती वाटली. मला वाटलं, आज मत सोडलं, उद्या जेवण सोडतील. मग माझ्याजवळ कोण राहील.

संध्याकाळी मी त्यांच्या पायांना तेल लावत बसले आणि म्हटलं, आई, ते गुरुवारी परत येतील.

तर त्या म्हणाल्या, मी शाळेत जाईन.

सर गेल्यानंतर त्या पहिल्यांदा बोलल्या. मी हळूच सांगितलं की आता शाळेत नाही जाता येणार, घरून मताचा फॉर्म भरला आहे, तुम्हीच अंगठा दिला. त्या उठून बसल्या. म्हणाल्या, तुले काय वाटते, मले चालता येत नाई म्हणून देल्ला काय? मले चालता येते. त्याले येत नोयतं. दाराच्या पायऱ्या चढला का खांबाले धरून उभा राहे, अन् मोबाईल पाहून राहिलो असं दाखवे. तू घरात राहे, तुले दिसत नसन. मी पलंगावरून पाहो ना. मी शाळेत जातो म्हटलं असतं त तो मले धरून नेल्याबिगर राहिला असता काय? म्हणून देल्ला अंगठा. त्याले वाटलं आई थकली. मी म्हटलं, वाटू दे.

मी तेलाची वाटी खाली ठेवली. खांबाजवळ उभे राहून मोबाईल पाहणारे सर मीही पाहिले होते. मला वाटायचं मोबाईलच पाहत आहेत. मी आतून ओरडायची सुद्धा, आत येऊन पाहा की.

आई म्हणाल्या, ज्याच्यापायी घरी मत घेतलं तोच नाई. मंग मी काहून घरी टाकू वं? सांग.

इतकी पुस्तकं हाताखालून गेली, पण अशा वेळी एक वाक्य कामाला येत नाही. मी एवढंच म्हटलं की आई, मी तुम्हाला धरून नेईन, पाहिजे तर रिक्षा करेन, पण तिथले लोक तुम्हाला दारातून परत पाठवतील, आणि सर नसताना ते मला पाहवणार नाही. मी दिवा मालवला. त्या जाग्या होत्या, मीही जागी होते, दोघींनाही कळत होतं की दुसरी जागी आहे.

सकाळी मी दात घासत होते तर पलंगावरून आवाज आला. सुमन, गुरुवारी किती वाजता येतेत ते लोकं?

मग त्यांनी सांगितलं. पलंगावरून टाकणार नाही, खुर्चीवर बसून टाकीन. पांढरं लुगडं काढून ठेव, नीळ घालून. चहा नाही. आणि एक अडचण होती, ती त्यांनी जरा लाजत सांगितली. शाळेत मशीनचं बटण दाबायचं असे. इथं कागदावर पेनानं खूण करावी लागते असं ज्योत्स्ना म्हणाली होती, आणि आईंनी जन्मात पेन धरलेलं नाही. सरांनी सही शिकवायचा फार प्रयत्न केला होता, पण अंगठ्यानं काम भागते ना, मंग कायले, असं म्हणायच्या. मदतीला कोणाला घेता येतं, मी तसं सांगितलंही. आई म्हणाल्या, तू पाहशीन ना मंग.

म्हणून मंगळवार-बुधवार आम्ही दोघी फुली शिकलो. जुन्या पेपरच्या रद्दीवर. हात त्यांचा पक्का होता, तरुणपणी बिड्या वळल्या आहेत, कैचीनं पानं कापली आहेत, फक्त पेन बोटात ठरायचं नाही. आधी फुली चौकटीच्या बाहेर जायची. मग जमायला लागली. पेपरात फोटो दिसला की फुली. टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या पोरीवर नीट मधोमध आली तेव्हा म्हणाल्या, हे आली निवडून. मी हसले. हसल्यावर मीच इतकी दचकले की उठून आत गेले. त्या बाहेरून म्हणाल्या, हास वं, तो काही म्हणत नाई.

गुरुवारी दहा वाजता येतो म्हणाले होते. आम्ही आठ वाजताच तयार. आई खुर्चीत, दाराजवळ, पांढऱ्या लुगड्यात. मीही चहा घेतला नाही, त्यांनी सांगितलं नव्हतं, पण मला एकटीला कसा गेला असता. दहा वाजले, अकरा वाजले. ज्योत्स्नाला फोन केला तर म्हणाली, मॅडम, एका घरी आजोबा उठतच नव्हते, तिथं वेळ गेला, निघतोच आहोत. बारा वाजले. पंचफुलाबाई पोहे घेऊन आल्या. मावशी, दोन घास खा, चक्कर येईन. आई म्हणाल्या, ठेव तिथं. अवं, निवडणूकवाले काय तुमचं पोट पाहाले येतेत का? आई म्हणाल्या, तू जाय वं, तुह्यं पोरगं शाळेतून येत असन.

दुपार झाली. आईंचे ओठ सुकले. खुर्चीत त्या एका बाजूला कलायला लागल्या, मी पाठीला उशी लावली तर काढून टाकली. मी पाणी दिलं, पाणी प्यायल्या, पाण्याला मनाई नव्हती. मला वाटत होतं की ह्या इथंच पडल्या तर मुलीला काय सांगू, लोकांना काय सांगू, की सासूला मतासाठी उपाशी ठेवलं? मी म्हटलं, आई, थोडं सरबत? त्या म्हणाल्या, तुले करायचं असन त कर, तू पी. मी नाही केलं. खाली त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. आम्ही दोघी दाराकडे पाहत होतो. असं आम्ही इतक्या वर्षांत कधी बसलो नव्हतो, मध्ये नेहमी सर असायचे.

चारच्या सुमाराला गाडी आली. चष्मेवाले अधिकारी आत आले आणि आईंना खुर्चीत पाहून थबकले. आजी, पलंगावर आरामात बसा ना, आम्ही तिथं देतो. आई म्हणाल्या, मत लेटून टाकत नसतात साहेब. त्यांनी ओळखपत्र पाहिलं, यादीत पाहिलं, कॅमेरावाल्यानं कॅमेरा लावला. आईंनी एका कागदावर अंगठा दिला, साहेबांनी त्यावर सही केली. स्टुलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, मतपत्रिका ठेवली, पेन ठेवलं. आता आजी एकट्याच, आपण सगळे बाहेर, असं साहेब म्हणाले. मी पदर सावरत उभीच होते, तर आई म्हणाल्या, तू बी जाय वं बाहेर.

आम्ही अंगणात उभे. आत काही आवाज नाही. बराच वेळ झाला. पोलीस भाऊ तरुण होता, त्याला राहवलं नाही, म्हणाला, आजी, झोपल्या का? आतून उत्तर आलं, झोपली नाई गा, फोटो पाहून राहिली. चौकातल्या बोर्डावर बरे दिसतेत, इथी सगळे सारखेच दिसून राहिले. साहेबसुद्धा हसले. ज्योत्स्ना माझा हात धरून उभी होती.

मग आईंनी हाक मारली. पत्रिकेची घडी घालून त्यांनी ती छोट्या पाकिटात स्वतः टाकली होती. ते पाकीट साहेबांनी त्यांच्यासमोर चिकटवलं आणि मोठ्या पाकिटात घातलं. आईंनी विचारलं, हे पोहोचन ना? साहेब म्हणाले, पोहोचेल आजी, माझी जबाबदारी. आई म्हणाल्या, माह्या पोरानं फारम भरला होता. एवढं बोलल्या आणि त्यांचा चेहरा मोडला. साहेबांना काय करावं कळेना, त्यांनी कॅमेरावाल्याला बंद कर असा हात केला. आई रडल्या. नवव्या-दहाव्या दिवशी म्हणा, कसंही म्हणा, पण मोठ्यानं रडल्या, बाळू बाळू करत, आणि पंचफुलाबाई धावत आल्या आणि त्याही रडल्या. मी चहा मांडला. त्या लोकांना पुढच्या घरी जायचं होतं, तरी ते थांबले. उभ्यानं चहा घेतला.

मतदानाच्या दिवशी मला जायचं मन नव्हतं. एकटीनं त्या शाळेत, त्या रांगेत. आई पलंगावरून म्हणाल्या, माह्यं झालं. आता तुह्यं राहिलं. चूल मी पाहतो, तू जाय. मी गेले. रांगेत लोक होते, ओळखीचे होते, कोणी चहाचं विचारलं नाही. मत टाकलं आणि घरी आले तर आईंनी खरंच गॅसजवळ खुर्ची ओढून चहा ठेवला होता, साखर विसरल्या होत्या. मी तसाच प्यायले.

ज्योत्स्ना पुढच्या महिन्यात आली. बसली, चहा घेतला, सरांनी तिला पाढे कसे शिकवले ते सांगत राहिली, आणि पिशवीचा बंद सोडलाच नाही. मी ओळखलं. मी म्हटलं, पोरी, काढ तो सात नंबर, मी भरते. माझं अक्षर चांगलं आहे, वाचनालयात सगळे म्हणायचे. मी तो हळूहळू भरला. सरांचं पूर्ण नाव, वय, पत्ता, कारण. आई विचारत होत्या, काय लिहून राहिली? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, बरोबर लिही. अंगठा पाहिजे का माहा? मी म्हटलं, नाही आई, माझी सही चालते.

आता सकाळी आम्ही दोघी दारात बसतो. आईंना मी पेपर वाचून दाखवते, त्या फोटो पाहतात. तब्येत बरी आहे त्यांची. तुमचंही भलं होवो, इतका वेळ ऐकलंत. नवी यादी आली ती ज्योत्स्नानं दाखवली. आमच्या घरात दोन मतं आहेत.